वॉटर पार्कचा दिवस: राइडची यादी नंतर, पाळ्यांचा तक्ता आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही, तुमचे पती, दीर आणि जाऊ, ११, ७ आणि ३ वर्षांची तीन मुले आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असे आठ जण प्रथमच वॉटर पार्कला जाणार आहात. कोणत्या राइड आधी घ्याव्यात, सोबत काय न्यावे, धाकट्या मुलीला पाण्यात उतरवावे का आणि सासूबाईंना न्यावे की नाही, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी १८ वर्षे वॉटर पार्कमध्ये काम केले आहे. सुरुवातीला लाइफगार्ड म्हणून आणि नंतर लाइफगार्डांच्या पथकाचा प्रमुख म्हणून. तुमचे चारही प्रश्न रास्त आहेत, परंतु ज्या प्रश्नावर सबंध दिवस उभा असतो तो त्यांत आलेला नाही. कोणत्या वेळी, कोणत्या मुलावर, नेमके कोणाचे लक्ष असणार आहे? हे आधी ठरवले की राइडचा क्रम, सामान आणि सासूबाईंचा दिवस या गोष्टी बऱ्याच अंशी आपोआप जागेवर बसतात, म्हणून मी उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

मोठ्या कुटुंबाला वाटते की माणसे जास्त असली म्हणजे लक्षही जास्त असते. पाण्याजवळ बहुधा याच्या उलट घडते. एका सुट्टीच्या दुपारी वेव्ह पूलमधल्या, म्हणजे कृत्रिम लाटांच्या तलावातल्या लाटा नुकत्याच थांबल्या होत्या. उथळ भाग संपून तळ जिथे खाली उतरू लागतो, तिथे चारेक वर्षांचा एक मुलगा पाण्यात सरळ उभा असल्यासारखा दिसत होता. डोके मागे कललेले, तोंड पाण्याच्या पातळीला, ओले केस डोळ्यांवर आलेले आणि ते बाजूला सारायला हात मात्र वर येत नव्हता. ही शेवटची खूण मी नव्या लाइफगार्डांना पुन्हा पुन्हा सांगत असे, कारण खेळणारे मूल डोळ्यांवरचे केस लगेच सारते, तर बुडणाऱ्या मुलाचे दोन्ही हात पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. त्याचे वडील त्याच्यापासून दोन हातांवर पाठमोरे उभे राहून भावाशी बोलत होते. मी मुलाला उचलले तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, खेळतोय तो.’ मग मुलाला ठसका लागला, तो पाणी ओकला आणि रडू लागला, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. काठावर बसलेल्या आईला वाटत होते की मूल वडिलांकडे आहे. वडिलांना वाटत होते की ते आईकडे परत गेले आहे. काकूने त्याला पाण्यात जाताना पाहिले होते, पण पुढे वडील दिसत असल्याने ती निर्धास्त राहिली. तिथे सात मोठी माणसे होती आणि त्यांतले एकही निष्काळजी नव्हते.

बुडणारे माणूस हाका मारते, हात हलवते, पाणी उडवते ही समजूत मनातून पूर्ण काढून टाका. फ्रँक पिया या अमेरिकन लाइफगार्डाने समुद्रकिनाऱ्यावर बुडणाऱ्या माणसांच्या चित्रणाचा अभ्यास करून हे फार पूर्वी दाखवून दिले आहे. तोंड पाण्याखाली जाते आणि क्षणभर वर येते, तेवढ्या वेळात श्वास घेणेच जेमतेम साधते, मग ओरडणार कधी? शरीर उभे राहते, पाय मारले जात नाहीत आणि पृष्ठभागावरची ही धडपड साधारण २० ते ६० सेकंद टिकते. लहान मुलांच्या बाबतीत २० सेकंदांचा आकडा धरून चालावे. फोनवरचा एक संदेश वाचून त्याला उत्तर द्यायलाही याहून अधिक वेळ लागतो.

लाइफगार्ड असतो ना, असे यावर हमखास म्हटले जाते. त्याच्या प्रशिक्षणात बराच प्रचलित असलेला एक निकष असा आहे की आपल्याला नेमून दिलेल्या पट्ट्यातले संकट त्याने १० सेकंदांत ओळखावे आणि पुढच्या २० सेकंदांत तिथे पोहोचावे. चांगला लाइफगार्ड हे करतो. परंतु त्याच्या पट्ट्यात एकाच वेळी पुष्कळ डोकी असतात, पाण्यावर ऊन चकाकत असते, ट्यूबांच्या खाली काय चालले आहे ते दिसत नसते आणि तुमची मुलगी कोणती हे त्याला ठाऊक नसते. तो दुसरा बांध आहे. पहिला बांध कुटुंबाचाच असला पाहिजे.

आता तुमच्या आठ जणांचा तक्ता मांडू. मोठ्या चौघांपैकी एक जण पूर्णपणे ३ वर्षांच्या मुलीचा. मुलगी पाण्यात असताना हा माणूसही पाण्यात आणि हात लांबवला की तिला स्पर्श होईल इतक्या अंतरावर. काठावर पाय सोडून बसणे यात मोजले जात नाही. दुसरा जण ७ वर्षांच्या मुलासोबत त्याच पाण्यात. तिसरा ११ वर्षांच्या मुलासोबत मोठ्या राइडवर. चौथ्याची सुट्टी, आणि ही सुट्टी खरीखुरी असावी, म्हणजे त्याने सावलीत पडून राहावे, हवे तर डोळे मिटावेत. दर अर्ध्या तासाने सगळे एक जागा पुढे सरकतात. अर्धा तासच का, तर डोळ्यांत तेल घालून पाहत राहण्याचे काम त्याहून जास्त वेळ धड होत नाही. आम्हीही लाइफगार्डांच्या जागा थोड्या थोड्या वेळाने बदलत असू.

पाळी बदलताना चूक होते, म्हणून तिला दिसेल अशी खूण ठेवा. एक भडक रंगाची मनगटपट्टी घ्या. ती ज्याच्या हातात, धाकटी त्याची. पट्टी देणाऱ्याने ‘आता तुझ्याकडे’ असे मोठ्याने म्हणावे, घेणाऱ्याने मुलीला प्रत्यक्ष पाहून ‘आता माझ्याकडे’ म्हणावे आणि मगच देणाऱ्याने वळावे. सुरुवातीला हा पोरखेळ वाटेल, जाऊबाई कदाचित हसतीलही. तरी करा. पट्टी असलेल्या माणसाने फोन वापरायचा नाही, फोटो काढायचे नाहीत आणि मद्य घ्यायचे नाही. लघवीला जायचे असेल तरी आधी पट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायची.

धाकटीला पाण्यात जरूर उतरवा, परंतु तिच्यासाठीच केलेल्या घोटाभर पाण्याच्या भागात. तिथे उंच टांगलेली मोठी बादली ठरावीक वेळाने उलटते. बहुतेक ठिकाणी आधी घंटा वाजते. पहिल्या वेळी तिला लांबून दाखवा, नाही तर त्या एका धबाबा कोसळण्याने ती दिवसभर पाण्याला नको म्हणेल. दंडावर घालायचे हवेचे फुगे आणि कंबरेभोवतीचे रबरी कडे ही खेळणी आहेत. ती निसटतात, उलटतात आणि पालकाला खोटा धीर देतात. तिला लाइफ जॅकेटच घाला आणि ते वजनाप्रमाणे निवडा. तपासणी सोपी आहे: पट्टे आवळून झाल्यावर जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढा. ते हनुवटी किंवा कानांपर्यंत सरकले तर माप मोठे आहे. मुलीच्या मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका.

तिला स्विम डायपर, म्हणजे पाण्यात घालायचा डायपर लागत असेल तर एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तो घट्ट मळ थोडा वेळ अडवतो. पातळ शौच आणि जंतू अडवत नाही. दर तासाला तो तपासा आणि बदलायचा तो पाण्याच्या काठावर नव्हे, तर स्वच्छतागृहात. घरातल्या कोणालाही जुलाब होत असतील तर त्या माणसाने पाण्यात उतरूच नये. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या पाण्यातही सात दिवसांहून अधिक जगतो, त्यामुळे ‘क्लोरीन आहे, काही होत नाही’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. या परजीवीमुळे झालेले जुलाब थांबल्यानंतरही दोन आठवडे तलावापासून दूर राहायचे असते.

पाणी चांगले आहे की नाही हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. काठावर उभे राहून तळाची जाळी पाहा. ती स्पष्ट दिसत नसेल तर तिथे उतरू नका, कारण गढूळ पाण्यात तळाशी गेलेले मूलही दिसणार नाही. मला आजाराहून या गोष्टीची भीती अधिक वाटते. नाकात झोंबणारा वास म्हणजे भरपूर क्लोरीन, असे लोक समजतात. तो वास क्लोरीन आणि माणसांचा घाम, लघवी यांच्या संयोगातून तयार होणाऱ्या क्लोरामाइनचा असतो आणि डोळे लाल होतात तेही बहुतांशी त्यामुळेच. पाण्यात मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेले क्लोरीन, दर लिटरला किमान १ मिलिग्रॅम आणि सामू (पीएच) ७.२ ते ७.८ असावा. बऱ्याच पार्कमध्ये हे आकडे फलकावर लिहिलेले असतात आणि नसतील तर विचारायला संकोच करू नका. उतरण्याआधी मिनिटभर शॉवर घ्या. ही केवळ औपचारिकता नाही. त्याने अंगावरचा घाम आणि मळ बराचसा निघतो आणि पाण्यातले क्लोरीन जंतूंसाठी शिल्लक राहते.

राइडचा क्रम ठरवण्याआधी घरी मुलांची उंची मोजा, अनवाणी आणि भिंतीला टाचा टेकवून. पार्कनुसार मर्यादा बदलतात, परंतु १०७ आणि १२२ सेंटिमीटर या दोन रेघा पुष्कळ ठिकाणी भेटतात. ७ वर्षांच्या मुलाची उंची साधारण १२० सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे तुमचा मधला मुलगा नेमका सीमारेषेवर उभा असण्याची शक्यता आहे. शिड्या चढून, अर्धा तास रांगेत उभे राहून, वर मोजपट्टीपाशी ‘बाळा, तू नाही’ हे ऐकणे त्या वयाला फार लागते. मी हे रडणे इतक्या वेळा पाहिले आहे की आधी मोजा, पार्कच्या संकेतस्थळावरची राइडची यादी त्याच्यासमोर उघडा आणि कोणत्या राइड त्याच्या आहेत, कोणत्या पुढच्या वर्षीच्या आहेत हे घरीच ठरवा, असा माझा आग्रह आहे. जाड तळव्यांची चप्पल घालून किंवा केसांचा उंच अंबाडा बांधून दोन सेंटिमीटर चोरू नका. मर्यादा पाण्याची खोली, वळणावरचा वेग आणि शरीर ठरल्या स्थितीत धरून ठेवण्याची ताकद यांवरून ठरलेली असते. मोठ्या ट्यूब आणि तराफ्यांना एकूण वजनाचीही मर्यादा असते आणि वरचा कर्मचारी वजन विचारतो तेव्हा खरे सांगावे. वजन जास्त झाले की तराफा वळणावर आखलेल्या उंचीच्या वर चढतो.

घसरताना पाठीवर आडवे, पाय पुढे, घोटे एकमेकांवर आणि हात छातीवर दुमडलेले. घोटे जुळलेले नसतील तर वेगाने येणारे पाणी शरीरात जिथे जाऊ नये तिथे जोरात घुसते, विशेषतः उंच, सरळ घसरगुंडीवर. आधीचा माणूस खालून बाजूला झाल्याची खूण मिळेपर्यंत थांबावे. खाली पोहोचल्यावर उठून लगेच बाजूच्या पायऱ्यांकडे सरकावे. चष्मा शोधत तिथेच रेंगाळणे म्हणजे पुढच्याच्या टाचा स्वतःच्या पाठीवर घेणे. लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरू नका. प्रेमाने केलेली ही गोष्ट पाय मोडण्याचे एक परिचित कारण आहे: मुलाचा बूट किंवा तळवा कडेला अडकतो आणि मागून मोठ्या माणसाचे सगळे वजन पुढे जात राहते. तसेच मूल खाली येताना समोर उभे राहून झेलू नका. बाजूला उभे राहा, त्याला थांबू द्या आणि मग हात द्या.

रांगेचा अंदाज लांबीवरून करू नका. पाच मिनिटे उभे राहून दोन सुटण्यांमधले अंतर मोजा. एकट्याच्या घसरगुंडीवर दर ३० सेकंदांनी एक जण सुटत असेल तर पुढचे ६० जण म्हणजे अर्धा तास. चौघांच्या तराफ्यावर दर ४० सेकंदांनी एक तराफा सुटत असेल तर तेच ६० जण १५ तराफ्यांत, म्हणजे १० मिनिटांत संपतात. रांग तेवढीच लांब दिसते, पण वेळ एक तृतीयांश. कुटुंबासाठी तराफ्याच्या राइड चांगल्या, हे मी केवळ एकत्र बसण्याच्या मजेसाठी म्हणत नाही.

दार उघडण्याआधी पोहोचा आणि पहिल्या दीड तासात ११ वर्षांच्या मुलाच्या मोठ्या राइड उरका. बहुतेक लोक दारातून शिरून समोर दिसेल त्या पहिल्या राइडला चिकटतात, म्हणून तुम्ही सर्वांत लांबच्या टोकापासून सुरुवात करा. तोवर लॉकर घेणे आणि सावलीतली जागा धरणे ही कामे सुट्टी असलेल्या माणसाची. दुपारचे मधले तीन तास ऊन आणि गर्दी दोन्ही शिगेला असतात. त्या वेळेत जेवण, सावली, धाकटीची झोप. दुपार उतरली की पुन्हा पाणी. जेवल्यावर तासाभराच्या आत पाण्यात उतरले तर पेटके येऊन माणूस बुडतो, या जुन्या समजुतीला भक्कम आधार नाही. तडस लागेपर्यंत जेवून वळणावळणाच्या राइडवर बसू नये इतकेच. चुइंगम किंवा गोळी तोंडात ठेवून मात्र कोणीही कोणत्याही राइडवर जाऊ नये.

वेव्ह पूलबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण निरुपद्रवी दिसणाऱ्या जागांपैकी माझ्या दृष्टीने ती सर्वांत फसवी आहे. बऱ्याच वेव्ह पूलमध्ये खोल टोकाच्या भिंतीमागे मोठ्या पंख्यांनी हवा दाबून पाणी ढकलतात आणि लाटा ठरावीक मिनिटे चालू, ठरावीक मिनिटे बंद असतात. लाटा बंद असताना मूल कंबरेइतक्या पाण्यात आरामात उभे असते. त्याच जागी लाट आली की पाणी गळ्यापर्यंत चढते आणि परतताना पाय ओढते. शिवाय भोंगा वाजला की सगळा जमाव एकदम खोल टोकाकडे धावतो आणि लहान मूल त्या पायांच्या गर्दीत दिसेनासे होते. म्हणून ७ वर्षांच्या मुलाला लाइफ जॅकेट घालून आणि लाटा नसताना गुडघ्यापर्यंत पाणी असेल तिथेच उभे करा. भिंतींपासून लांब आणि मोठ्या माणसाने मुलाच्या खोल बाजूला, म्हणजे लाट आणि मूल यांच्या मध्ये. धाकटीला वेव्ह पूलमध्ये नेऊच नका, ती कितीही मागे लागली तरी.

थंडीचे भान उन्हाळ्यातही ठेवावे लागते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीरातली उष्णता काढून घेते आणि लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा असल्याने ती लवकर गार पडतात. ओठ निळसर दिसले, हनुवटी थरथरली, मूल एकाएकी गप्प झाले की ‘अजून पाच मिनिटे’ ही विनंती ऐकायची नाही. बाहेर, कोरडा टॉवेल, ऊन. धाकटीला तर अर्धा तास पाणी आणि निदान दहा मिनिटे बाहेर हा नियमच लावा. तहान मात्र पाण्यात असताना कळत नाही, कारण घाम दिसत नाही. पाळी बदलताना सगळ्यांनी पाणी प्यायचे ठरवले तर वेगळी आठवण ठेवावी लागणार नाही.

उन्हासाठी पहिला उपाय कापड, दुसरा सावली आणि तिसरा सनस्क्रीन. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा सदरा घातला की लावायची जागाच निम्म्याने कमी होते. पाण्यात अर्धा मीटर खोलीवरही अतिनील किरणांची तीव्रता पृष्ठभागावरच्या सुमारे ४० टक्के असते, त्यामुळे पाण्यात बुडून राहिल्याने ऊन टळत नाही आणि ढगांवरही विसंबू नये. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा अधिकचे, पाण्यात टिकणारे, उन्हात जाण्याआधी १५ ते ३० मिनिटे, शक्यतो घरीच लावावे. मोठ्या माणसाच्या सबंध अंगाला सुमारे ३० मिलिलिटर लागते आणि लोक सहसा त्याच्या निम्मेही लावत नाहीत. पाण्यात टिकणारे म्हणजे दिवसभर टिकणारे नव्हे. वेष्टनावर ४० किंवा ८० मिनिटे असे लिहिलेले असते. तेवढ्या वेळाने, टॉवेलने अंग पुसल्यावर आणि एरवीही दर दोन तासांनी पुन्हा लावावे. कानांच्या पाळ्या, पायांचे वरचे भाग आणि केसांचा भांग या तीन जागा संध्याकाळी लाल झालेल्या दिसतात.

कपडे नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे. सुती कपडे पाणी पिऊन जड होतात, ओढले जातात आणि त्यांचे तंतू गाळणीत अडकतात, म्हणून बरेच पार्क ते नाकारतात. धातूची चेन, बटणे, खडे असलेले कपडे घसरगुंडीला ओरखडे पाडतात आणि अंगालाही. मुलांच्या कपड्यांचा रंग हा मात्र आवडीचा प्रश्न समजू नका. निळा, पांढरा आणि राखाडी रंग तलावाच्या तळाशी विरघळून जातो. भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी लांबूनही दिसतो. घरी बादलीभर पाण्यात कपडा बुडवून पाहिलात तर फरक कळेल. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, कारण पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकून डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो. नंबर असलेला पोहण्याचा चष्मा मिळतो. दागिने घरीच. गाडीची इलेक्ट्रॉनिक किल्ली खिशात ठेवून पाण्यात उतरलेले गृहस्थ मी दरवर्षी पाहिले आहेत.

११ वर्षांच्या मुलाला थोडी मोकळीक द्या, नाही तर तो ती चोरून घेईल. त्याला पाण्यात चालणारे घड्याळ द्या, प्रत्येक राइडनंतर ठरलेल्या जागी तोंड दाखवायला सांगा आणि दोन गोष्टींना ठाम मनाई करा. उथळ पाण्यात सूर मारायचा नाही. पाण्याखाली श्वास रोखण्याची पैज लावायची नाही. भराभर खोल श्वास घेऊन मग बुडी मारली की श्वास घेण्याची जाणीव दबते आणि पोहणारे मूलही कसलीही पूर्वसूचना न देता बेशुद्ध होते. या वयाच्या मुलांना कारण सांगितले तर ती ऐकतात. नुसते ‘नको’ म्हटले तर पैज आणखी रंगते.

मूल दिसेनासे झाले तर आधी पाण्यात शोधा. लोक खाण्याच्या जागा, स्वच्छतागृहे, दुकाने पाहून शेवटी तलावाकडे येतात. क्रम उलटा हवा. एकाने लगेच जवळच्या लाइफगार्डला सांगावे. आत शिरतानाच तिन्ही मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवा, कारण घाबरलेल्या आईला कपड्यांचा रंग आठवत नाही, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. दोन्ही लहान मुलांच्या दंडावर न पुसणाऱ्या शाईने फोन क्रमांक लिहा.

आता सासूबाई. त्यांना जरूर न्या, पण पिशव्यांची राखण करायला नव्हे. मला या गोष्टीची चीड आहे: आजीला एका खुर्चीवर बसवायचे, आठ जणांच्या चपला तिच्या पायांशी टाकायच्या आणि संध्याकाळी ‘मजा आली ना?’ असे विचारायचे. सामानासाठी लॉकर असतो. त्यांचा खरा धोका पाण्यात नसून ओल्या फरशीवर आहे. न घसरणारी, मागे पट्टा असलेली पादत्राणे, कठड्याच्या बाजूने चालणे आणि पायऱ्यांवर कोणीतरी एक पायरी खाली, हे पुरेसे आहे. हृदयविकार, रक्तदाब, मणक्याचा त्रास किंवा अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर वेगाच्या राइड वर्ज्य. शंका असल्यास डॉक्टरांना आधीच विचारावे. लेझी रिव्हर, म्हणजे ट्यूबमध्ये बसून तरंगत जायचा संथ प्रवाह, त्यांना बहुधा आवडेल, परंतु तिथली अडचण बसण्याची नसून उतरण्याची आहे: ट्यूब वाहत असते आणि गुडघे साथ देत नाहीत. एकाने पुढे उतरून ट्यूब धरावी, दुसऱ्याने काखेत हात घालून उठवावे आणि ते रुंद पायऱ्यांपाशीच करावे. धाकटी पाण्यात असताना पट्टी मात्र सासूबाईंच्या हातात देऊ नका. पाण्यातून मुलीला झटकन उचलून घेण्याची ताकद ज्याच्यात आहे त्यालाच ती द्यायची. धाकटी झोपलेली असताना त्या तिच्याजवळ खुशाल बसाव्यात.

मेघगर्जना ऐकू आली की शिट्टीची वाट न पाहता बाहेर या आणि पक्क्या छताखाली जा. शेवटच्या गर्जनेनंतर ३० मिनिटे पाण्यात परतायचे नसते. अशा वेळी तिकिटाचे काय होते, तो नियम तिकीट काढतानाच वाचून ठेवा.

निघण्याची वेळ पार्क बंद होण्याच्या तासभर आधीची ठरवा. शेवटच्या तासात रांगा छोट्या असतात, हे खरे, पण त्याच वेळी मुले दमलेली, मोठे कंटाळलेले आणि पाळ्या ढिल्या पडलेल्या असतात. कान खाली झुकवून पाणी काढा, बाहेरून कोरडे करा, आत काडी घालू नका. दिवसात कोणाच्या नाकातोंडात बरेच पाणी गेले असेल आणि नंतर खोकला थांबत नसेल, श्वास जड वाटत असेल किंवा मूल अवेळी गुंगीत जात असेल, तर घरी न जाता थेट रुग्णालयात जा. गाडी चालवणाऱ्याची शेवटची पाळी सुट्टीची असावी, हे तक्ता करतानाच योजून ठेवा. आणि कपडे बदलून झाले तरी पट्टी सोडायची नाही. ओले सामान, थकलेली माणसे आणि मागे येणाऱ्या गाड्या यांमुळे पार्किंगमध्येही धाकटी कोणाकडे तरी असायला हवी. ती आपल्या आसनावर बसली आणि तिचा पट्टा लागला की मगच मनगटावरची पट्टी काढून पिशवीत टाका.